बीटीएस, नीट आणि कुणी न विचारलेला प्रश्न: एका घरातलं प्रकरण

आधीच सांगते, हे प्रकरण माझ्या नात्यातलं आहे. चुलत काकांची पोरगी, वय सतरा. तिला विचारून आणि पूर्ण वाचून दाखवून टाकतेय, तिनं दोन ठिकाणी काटछाट करायला लावली ती केली. नाव-गाव देत नाही, परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गाव एवढं पुरे. मी ज्युनिअर कॉलेजात समुपदेशनाचं काम करते, अशी पोरं-पोरी रोज समोर येऊन बसतात, पण त्यांचं घर आपल्याला आतून दिसत नाही, पोरगं सांगेल तेवढंच आणि आईबाप सांगतील तेवढंच. इथं मात्र घर माहितीतलं, कोण कुणाला काय बोललं ते सगळं कानावर, म्हणून म्हणलं हे सविस्तर मांडावं.

घरची तक्रार एका ओळीत अशी की पोरगी बीटीएसच्या नादी लागली आणि नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, घालवली.

बीटीएस माहीत नसणारे आता कमीच असतील पण काकांसारखे असतात म्हणून थोडक्यात सांगते. दक्षिण कोरियाचा सात पोरांचा ग्रुप, 13 जून 2013 ला पदार्पण. कंपनी तेव्हा लहान होती, सातही जण एकाच खोलीत झोपायचे. 2018 मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड 200 यादीत पहिला आला, कोरियन कलाकारांत असं पहिल्यांदाच झालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा लीडर नामजून म्हणजे आरएम युनिसेफच्या कार्यक्रमासाठी युनोत भाषण करून आला. फॅन लोकांना आर्मी म्हणतात, रंग जांभळा. काकांच्या भाषेत "ती चिनी पोरं". पोरगी दरवेळी म्हणणार "कोरियन, पप्पा", काका दरवेळी म्हणणार "तेच ते".

तिला हा नाद लागला लॉकडाऊनमध्ये, आठवीत. ऑनलाइन शाळेसाठी घरात पहिल्यांदा तिच्या हातात फोन आला आणि ऑगस्ट 2020 ला ह्यांचं पहिलं पूर्ण इंग्रजी गाणं आलं, जगात सगळीकडं तेच वाजायलं होतं, ते आमच्या गोदाकाठीही पोचलं. शाळा बंद, मैत्रिणी बंद, रेंजसाठी गच्चीवर जाऊन बसायचं, अशा वेळी जे मिळालं त्याला पोरीनं धरून ठेवलं. त्यात मला तरी नवल वाटत नाही. आमच्या वेळेला रेडिओ आणि कॅसेटवर लोकांनी हेच केलंय, फक्त तेव्हा कुणी तक्रार घेऊन समुपदेशकाकडं जात नव्हतं.

लातूर

दहावीला तिला नव्वदच्या वर पडले. आमच्याकडं नव्वदच्या वर पडले की पुढचं कुणी विचारतच नाही, लातूर. परभणी, बीड, नांदेड, धाराशिव सगळीकडची पोरं तिथं जातात, एक अख्खा ट्युशन एरियाच आहे, क्लास, लायब्ररी, मेस, हॉस्टेल, झेरॉक्स, परत क्लास. ही पण गेली. कॉट बेसिसवर खोली, चौघीजणी, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरचा फ्लेक्स दिसायचा, त्यावर टॉपर पोरांचे फोटो आणि 720 पैकी किती ते. नीटमध्ये 180 प्रश्न, बरोबरला चार, चुकला तर एक वजा, हे आता आमच्या आजीला पण पाठ आहे.

काकांनी काही कमी केलं नाही हे पण लिहिलं पाहिजे. क्लासची फी, खोली, मेस, दोन वर्षांचा हिशोब लाखांत गेला, आणि ह्याच काळात सोयाबीनचा हमीभाव 4,892 असताना बाजारात चार हजाराच्या आसपास भाव मिळायला होता. मोटारसायकलवर मागं ज्वारीचं पोतं बांधून ते परळीपर्यंत जायचे, तिथून एसटीनं लातूर. अशा माणसाला पोरीच्या पाऊचमधे सात पोरांचे फोटो सापडले तर तो काय शांत बसणार आहे का.

फोटो म्हणजे फोटोकार्ड. ओरिजिनल अल्बमसोबत येतात, पण अल्बम घ्यायचा तर हजारोंचा मामला, म्हणून ह्या पोरी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून चकचकीत कागदावर प्रिंट मारून घ्यायच्या आणि कात्रीनं कोपरे गोल कापायच्या. कोपरा गोल नसला तर ते कार्ड चालत नाही म्हणे. क्लासच्या आयकार्डच्या मागं, प्लास्टिकमध्ये, एक कार्ड कायम. चौघींपैकी तिघी आर्मी, चौथी आदर्श शिंदेंची फॅन, आणि रात्री मेसवरून येताना कुणाचं गाणं लावायचं ह्यावर तह झालेला, एक तुमचं एक माझं.

2024 च्या दिवाळीत पोरगी सुट्टीला आली आणि काकांना बॅगेत एक वही सापडली. पूर्ण वही कोरियन अक्षरात. फोटो एकवेळ त्यांनी गिळले असते, वही नाही. वाचताच येईना ना. काकूला वाटलं कुणा पोराला चिठ्ठ्या लिहायली, आजीला वाटलं काहीतरी बाहेरचं आहे, लिंबू उतरवला. काकांनी फोटोकार्ड चुलीत घातली, फोन काढून घेतला, साधा बटनाचा फोन हातात दिला आणि वही मात्र ठेवून घेतली, "दाखवतो कुणालातरी" म्हणून. ती वही नंतर महत्त्वाची ठरली.

दुसऱ्या बाजूनं पोरीचे मामा. पुण्यात आयटीत आहेत, माणूस मोकळा, मनानं चांगला. त्यांचं म्हणणं अगदी उलट, पोरीला संगीताचं पॅशन आहे, तुम्ही लोक दाबताय, तिला तिच्या स्वप्नाच्या मागं जाऊ द्या. नुसतं बोलले नाहीत, गिटार आणून दिली, ऑनलाइन गाण्याच्या क्लासला नाव घातलं. पोरगी थोडे दिवस बसली आणि मग "नेट चालत नाही" सांगायला लागली. गिटार अजून ओसरीत खुंटीला आहे, आजी तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

आता दोघांकडं नीट बघा. काका म्हणतात नाद सोड, मामा म्हणतात नाद धर, पण दोघांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच, की पोरीला गाणं आवडतं म्हणजे तिला गाण्यातच काहीतरी व्हायचंय. एकाला त्याची भीती वाटते, दुसऱ्याला कौतुक. पोरीला विचारलं कुणी? कुणीच नाही. मामांनी गिटार आणली तेव्हा दुकानातून व्हिडिओ कॉल करून विचारलं ते रंगाबद्दल.

जून 2025

परीक्षा झाली 4 मे ला. फिजिक्सचा पेपर त्या वर्षी किती अवघड होता हे ज्यांच्या घरात पोरं होती त्यांना माहिती आहे, देशात पहिला आला त्याला पण 686 होते, आदल्या वर्षी तर 720 पैकी 720 वाल्यांची रांग लागलेली. पोरगी सेंटरवरून बाहेर आली ती बोललीच नाही, नुसतं पाणी प्यायली.

मग जूनचा तो आठवडा आला. बाहेरच्यांना नुसता योगायोग वाटेल पण ह्या पोरींच्या दृष्टीनं तो आठवडा म्हणजे सगळंच एकदम होतं. कोरियात पोरांना मिलिटरी सक्तीची असते, साधारण दीड वर्ष, त्यासाठी हे सातही जण एकामागून एक गेलेले. 10 जूनला नामजून आणि व्ही सुटले, नामजून सॅक्सोफोन वाजवत बाहेर आला. 11 ला जिमिन आणि जंगकूक. 13 ला ग्रुपला बारा वर्षं पूर्ण. आणि 14 जूनला नीटचा रिझल्ट.

मी त्याच दिवसांत गावाकडं होते. मे मध्येच पाऊस धो धो येऊन गेलेला आणि मग उघडीप, काका पेरावं का थांबावं ह्या विचारात, त्यात हे. पोरगी काकूच्या फोनवर मांडी घालून ते सुटण्याचे व्हिडिओ बघायली आणि डोळ्यातून पाणी. काका माझ्याकडं बघून म्हणले, "बघ ताई तूच, बापाचं सोयाबीन बुडालं तेव्हा रडली नाही." (काका मला ताईच म्हणतात, घरात सगळ्यांची मी ताई.)

रिझल्ट लागला, चारशेच्या पुढं थोडं गेलं. त्या वर्षीच्या पेपरच्या मानानं अगदीच वाईट नाही पण सरकारी एमबीबीएस लागणं अवघड, हे घरात सगळ्यांना कळलं. लगेच दोन तट. काका: रिपीट, परत लातूर, फोन नाही, फोटो नाही. मामा फोनवरून: मी म्हणलं होतं ना, तिला पुण्याला पाठवा. काकू मधेच बीएएमएसचं काढायची, तिकडं कुणी लक्ष देत नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघी गच्चीवर झोपलो. मी काही समुपदेशक वगैरे बनून बोलले नाही, मच्छरदाणी बांधता बांधता एवढंच विचारलं, तुला त्यांच्यासारखं व्हायचंय का गं?

ती हसायलाच लागली. म्हणली, "ताई, मला गाता येत नाही, नाचता येत नाही, आणि मला ते यावं असं पण वाटत नाही. मला ऐकायचंय फक्त. पप्पा रोज संध्याकाळी हरिपाठ ऐकतेत, त्यांना कुणी म्हणलं का की तुम्ही कीर्तनकार व्हायलात म्हणून?"

ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर कशाला पाहिजे.

मग ती बरंच बोलली. त्यातलं काही तिच्याच शब्दात लिहिते कारण ह्या वयाची पोरं महत्त्वाकांक्षेबद्दल काय विचार करतात ते आपण आपल्याच डोक्यानं ठरवून टाकतो. लातूरला तिला सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर ह्या ग्रुपचे सुरुवातीचे दिवस, डेब्यूच्या म्हणजे पदार्पणाच्या आधी ट्रेनी म्हणून एकत्र राहणं, एका खोलीत सातजण, दिवसभर प्रॅक्टिस, कंपनी ठरवणार कोण पुढं जाणार. "आमचं पण तेच होतं ना ताई. फक्त आम्हाला चार जणींत एक गिझर." आणि मग ती फ्लेक्सबद्दल बोलली. "फ्लेक्सवर जे आहेत ते डेब्यू झालेले. बाकीचे ट्रेनी कुठं गेले ते कुणी सांगतच नाही. आमच्या बॅचची एक पोरगी जानेवारीत कॉट रिकामा करून गेली, दुसऱ्या दिवशी तिथं दुसरी आली, सरांनी हजेरीत नाव पण नाही घेतलं."

मी तिला विचारलं, मग हे लोक तुला मेहनत कर, मोठं स्वप्न बघ असंच शिकवतात का, कारण बाहेरून बघणाऱ्याला फॅन म्हणजे असंच वाटतं. तर म्हणली सुरुवातीला तसंच वाटायचं, पण 14 जून 2022 ला त्यांचा एक जेवणाचा व्हिडिओ आला, त्यात त्यांनी सांगितलं की आता आम्ही थोडं आपापलं काम करणार, आणि नामजून बोलला की ही आयडॉलची सिस्टिम माणसाला मोठं व्हायला, पिकायला वेळच देत नाही. ही तेव्हा नुकतीच दहावीत गेलेली. हुंदके देऊन रडली, काकू पळत आली, कोण गेलं म्हणून. तर तिचं म्हणणं असं की "जगात पहिला नंबर आलेला माणूस म्हणायलाय की मला माझं काय चाललंय तेच कळेना. मग मी ठरवलं की नंबरचं जाऊ दे, काम कसलं करायचं ते आधी बघायचं."

काम कसलं, मी विचारलं. तेव्हा ती म्हणली, ते वहीत आहे.

वही

वही काकांच्या कपाटातून काकूनं काढून दिली. पोरीनं स्वतः वाचून दाखवली, मी मागितली नव्हती, हे महत्त्वाचं आहे, पोरांच्या वह्या आपण होऊन उघडू नयेत.

तर वही कोरियन भाषेत नव्हतीच. मराठीत होती, फक्त अक्षरं कोरियन. त्यांची लिपी शिकायला सोपी आहे म्हणे, व्यंजनं-स्वर जोडून चौकोन करायचे, सुट्टीत बसून शिकली, आणि मग चौघींच्या खोलीत आणि काकांच्या घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून सगळं त्यातच लिहायला लागली. तिला अडचणी पण आल्या, ळ ला अक्षर नाही म्हणून "शाळा" ची "शारा" व्हायची, व नाही म्हणून तिथं ब. एका पानावर आजीबद्दल रागानं काहीतरी लिहिलेलं ते वाचताना तिचं तिलाच हसू आवरेना.

पुढच्या पानांवर टेस्टचे मार्क, तारखेसकट. हे मी मुद्दाम नीट पाहिलं, कारण घरची तक्रारच ती होती. दिवाळीच्या आधी फोन होता, फोटो होते, तेव्हा फिजिक्स 180 पैकी साठच्या घरात. दिवाळीनंतर फोन गेला, फोटो चुलीत गेले, फिजिक्स साठच्याच घरात. बायोलॉजी आधी पण चांगलं आणि नंतर पण चांगलं. म्हणजे काकांनी जे औषध दिलं त्याचा आजाराशी संबंधच नव्हता. तिला फिजिक्स अकरावीपासून कळलंच नव्हतं, क्लासमध्ये दोनशेच्या बॅचमध्ये हात वर करायची सोय नव्हती, आणि घरी फिजिक्सबद्दल कुणी बोलायचंच नाही कारण सगळं बोलणं त्या सात पोरांवर संपायचं.

सगळं गोड आहे असंही मी म्हणत नाही. दहावीच्या वर्षात नवीन गाणं आलं की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ह्या पोरी तेच गाणं परत परत चालवायच्या, व्ह्यूज वाढावेत म्हणून, दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या. ऑनलाइन दुसऱ्या ग्रुपच्या फॅनशी भांडणं, त्यात घाणेरडं बोलणं ऐकून घेणं, हे पण झालं. झोप गेली, पैसे चोरून जायला लागले, घरातली माणसं नकोशी झाली, जेवण तुटलं, तर तिथं थांबवायलाच पाहिजे, मग नाद बीटीएसचा असो का क्रिकेटचा. हिच्या बाबतीत रात्री जागणं लातूरला गेल्यावर आपोआप थांबलं, सकाळी सहाला क्लास असल्यावर कोण जागतंय. पैशाचं म्हणाल तर झेरॉक्सच्या प्रिंट, बास.

आणि वहीच्या मधल्या पानावर, जांभळ्या पेनानं चौकट करून, "बेट" असं लिहिलेलं. व ला ब. व्हेट. खाली परभणी, उदगीर.

मला आधी कळेना. ती म्हणली, "ढोरांची डॉक्टर, ताई."

ह्याचा बीटीएसशी काही संबंध नाही, आणि मला हे प्रकरण लिहावं वाटलं ते ह्याचमुळं. संबंध आहे तो 2022 च्या लम्पीशी. त्या सप्टेंबरात आमच्याकडं गोठ्यागोठ्यात लम्पी घुसलेली, जनावरांचे बाजार बंद, माशा, डास, गोचिडांवाटे पसरणारा रोग, अंगभर गाठी, ताप, पायाला सूज. काकांची लाल कंधारी गाय आणि तिचं वासरू दोन्ही पडली. गावात एक डॉक्टर मॅडम स्कूटीवर यायच्या, डोक्याला स्कार्फ, पायात गमबूट, आजारी जनावर वेगळं बांधायला लावायच्या, चांगल्या जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचायच्या, प्रत्येक नोंद रजिस्टरात. गावातली माणसं मॅडमला आधी हसली, मग त्यांच्याच मागं हात जोडून फिरली. पोरीला त्यांनी कंदील धरायला लावला, मग थर्मामीटर, मग गाठी मोजायला. गाय वाचली. वासरू गेलं. सरकारनं वासराला 16,000 भरपाई ठेवलेली, तिचा अर्ज पण पोरीनंच भरला कारण काका तेव्हा बोलतच नव्हते.

म्हणजे दहावीपासून पोरीला माहीत होतं. मग सांगितलं का नाही? तिचं उत्तर: "कुणी विचारलं? पप्पा म्हणायचे बीटीएस सोड. मामा म्हणायचे बीटीएस कर. मी व्हेट म्हणले असते तर पप्पा म्हणले असते, ते चिनी पोरांमुळं डोकं फिरलं म्हणून ढोरांकडं चाललीस."

मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण काका अगदी तसंच म्हणले असते.

बैठक

दोन दिवसांनी सगळे ओसरीत बसलो. मामा स्पीकरवर. मी ठरवलं होतं की बीटीएसचा विषय काढायचाच नाही, पण तो काकांनीच काढला, आणि असा काढला की मी गारच झाले. काका म्हणाले, "तुझी ती पोरं दीड-दीड वर्ष मिलिटरीत जाऊन आली ना? एवढी मोठी, एवढा पैसा, तरी गेली ना? परत आली ना? मग तुला एक वर्ष रिपीट करायला काय झालं?"

म्हणजे बापानं सगळं ऐकलेलं होतं. कोण कधी गेलं, कोण कधी सुटलं, सगळं. पाच वर्षं "तेच ते" म्हणत म्हणत माणूस कान देऊन बसला होता. पोरगी पण बघतच राहिली.

मग म्हणाली, "पप्पा, त्यांना सक्ती होती. आणि ते परत येऊन तेच काम करणार, जे त्यांना करायचं होतं. मी रिपीट करून परत आले तर मला जे करायचंय ते करू देणार का?"

"तुला करायचंय काय?"

हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा विचारला गेला, आणि तो पण चिडून. पण विचारला गेला.

तिनं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग काका म्हणाले, "एवढे लाख ढोरांच्या डॉक्टरसाठी घातले का?" ते बोलणं मला अपेक्षितच होतं, कारण आपल्याकडं माणसाचा डॉक्टर म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नाव आणि जनावराचा डॉक्टर म्हणजे दावणीला बोलवायचा माणूस, ही प्रतवारी शेतकऱ्याच्याच घरात जास्त कडक आहे. ज्याची लाल कंधारी त्या मॅडमनं वाचवली तोच हे बोलायला होता. मी काही बोलले नाही. आजी बोलली. आजी म्हणली, "वासरू गेलं तेव्हा तू सोप्यात तोंड झाकून बसला होतास, पोरगी कंदील धरून उभी होती. तिला ईचार."

मामांचं काय, तर मामांनी स्पीकरवरून पहिलं वाक्य बोललं ते म्हणजे "मग गाण्याचं काय?" पोरगी म्हणली, "मामा, गाणं मी ऐकते."

माहिती मी दिली, माझं काम तेवढंच होतं. महाराष्ट्रात पशुवैद्यकाचा प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतो, म्हणजे दोन वर्षं आणि पैसे पाण्यात गेलेले नाहीत. परभणीत आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, दोन्ही नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली. कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटी इंटर्नशिप. काकांनी एकच प्रश्न विचारला, नावापुढं डॉक्टर लागतं का. लागतं म्हणलं. ते उठून शेताकडं गेले. होकार म्हणायचा का नकार ते तेव्हा कळलं नाही, संध्याकाळी काकूला म्हणाले फॉर्मचे पैसे किती ते विचार पोरीला.

माझं मत

मी कॉलेजात असताना आईबाप येतात ते दोनच प्रकारची वाक्यं घेऊन, हिचं लक्ष कशात आहे बघा, नाहीतर ह्याला ह्यात करिअर करता येईल का बघा. आजकाल दुसरा प्रकार वाढलाय, सुशिक्षित घरांत जास्त, आणि मला तो पहिल्याइतकाच जाचक वाटतो. पोरीला कोरियन अक्षरं येतात? मग भाषांतरकार कर. गाणी आवडतात? मग क्लास लाव. म्हणजे पोरीनं काहीही जीव लावून केलं की त्याचा लगेच कोर्स होणार, फी भरणार, सर्टिफिकेट येणार, आणि पोरगी ते सोडून देणार. ह्या पोरीकडं फॅन म्हणून एवढीच जागा होती की जिथं तिला मार्क पडत नव्हते. ती पण आपण मोजायला घेतली.

आणि दुसरं, महत्त्वाकांक्षा ह्या वयात पोस्टरवर नसते, दिसेल तिथं नसतेच. कुणाचे फोटो भिंतीला आहेत ह्यावरून पोराला काय व्हायचंय ते काढू नका. पोराला कुठं कंटाळा येत नाही, कुठलं घाणेरडं काम ते न सांगता करतं, ते बघा. ही पोरगी शेणाच्या गोठ्यात रात्री कंदील धरून उभी राहिली ह्याची घरात कुणी नोंदच घेतली नाही, आणि फोटोकार्डांची मात्र सगळ्यांनी घेतली.

कॉलेजातल्या माझ्या एका सहकारी मॅडमचं मत वेगळं आहे, त्या म्हणतात की नाद नसता तर ती आधीच मोकळी बोलली असती. असेल. मला तसं वाटत नाही, नाद नसता तर काकांनी दुसरं काहीतरी धरलं असतं, मोबाईल गेम नाहीतर मैत्रिणी. फिजिक्सबद्दल बोलण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पुढं काय झालं ते सांगून थांबते. परभणी पहिल्या पसंतीला टाकलेलं, लागलं उदगीर. देवणी गायीचा मुलूख, पोरगी त्यावर खूश. मुलींच्या हॉस्टेलला परत तिघी-चौघी एका खोलीत. फोन परत मिळाला, काकांनीच नेऊन दिला, कव्हर जांभळं बघून काही बोलले नाहीत. गावात मात्र ते "पोरगी उदगीरला डॉक्टरकी करायली" एवढंच सांगतात, कसली ते सांगत नाहीत, आणि पोरीला त्याचा राग येतो. मामा अजून मधून मधून गाण्याच्या स्पर्धांच्या लिंक पाठवतात, ती अंगठा दाखवून सोडून देते.

आणि 1 जुलै 2025 ला ग्रुपनं सांगितलं की 2026 च्या वसंतात नवीन अल्बम आणि मग वर्ल्ड टूर. तेव्हापासून घरात नवीन भांडण. पोरगी म्हणते जवळपास कुठं शो आला तर मी जाणार, स्कॉलरशिपमधून साठवते. काका म्हणतात आधी पहिलं वर्ष काढ. ती म्हणते तिकीट पहिल्या वर्षाची वाट बघत थांबत नसतं. काकूनं मला फोन करून मध्ये पड म्हणलं, मी नाही पडले. हे भांडण निदान खरंच बीटीएसबद्दल आहे.